आम्लपित्त

सकाळचे शेवटचे पेशंट जिना उतरून गेले आणि तो बेसिनपाशी हात धूत असताना सिस्टरने टेबलावर एक जाड पाकीट आणून ठेवले. "शिपाई देऊन गेला. माझी सही घेतली पोचेची," ती म्हणाली. सिस्टरजवळ परिचारिकेची कुठलीही पदवी नव्हती; वीस वर्षांपूर्वी केसपेपर शोधून देण्याच्या कामावर ती लागली आणि पेशंटांनीच तिला ही पदवी बहाल केली. त्याने ओल्या हातानेच पाकीट फोडले. वर एक टंकलेले पत्र होते आणि खाली छायाप्रतींचा गठ्ठा. पत्र वजनमापे तपासणाऱ्या सरकारी कचेरीचे होते. कचेरीतील एका निरीक्षकाने गेल्या तीन वर्षांत रजेसाठी दिलेली एकतीस वैद्यकीय प्रमाणपत्रे सोबत जोडली आहेत. त्यांवरील सह्या आपल्याच आहेत काय आणि सदर कर्मचारी आपल्या नियमित उपचाराखाली आहेत काय, याचा लेखी खुलासा आठ दिवसांत करावा. निरीक्षकाचे नाव वाचून ते कोण हे त्याला क्षणभर कळेना, कारण गेली अकरा वर्षे तो त्या माणसाला 'काटेवाले' म्हणत आला होता. आणि आत्ता जिना उतरून गेलेले शेवटचे पेशंट म्हणजे काटेवालेच होते. बत्तिसावे प्रमाणपत्र त्याने दहा मिनिटांपूर्वी याच टेबलावर बसून लिहिले होते, घडी घालून त्यांच्या हातात दिले होते आणि वर म्हटले होते, "दोन दिवस आराम करा, पाणी भरपूर प्या."

"काही भानगड आहे का?" सिस्टरने विचारले.

"नाही. सह्या माझ्याच आहेत का, विचारतायत."

"त्यात विचारायचं काय? तुमच्यासारखं अक्षर दुसऱ्या कुणाला ठरवूनसुद्धा काढता यायचं नाही." तिने पर्स खांद्याला लावली. "जेवायला जाताय ना घरी? का आजही इथंच?"

जातो, असे तो म्हणाला आणि गेला नाही. तिच्या चपलांचा आवाज जिन्यावर विरल्यावर त्याने त्या छायाप्रती तपासणीच्या पलंगावर एकेक करून मांडायला सुरुवात केली. पलंग पुरला नाही. शेवटच्या सात त्याला खिडकीच्या कट्ट्यावर ठेवाव्या लागल्या. एकतीस वेळा तीच वाक्ये. सदर इसम तीव्र आम्लपित्ताने आजारी असून त्यास दोन दिवस विश्रांतीची आवश्यकता आहे. काही ठिकाणी तीव्र, काही ठिकाणी अतितीव्र. त्याने तारखा पाहिल्या आणि भिंतीवरच्या, मग फोनमधल्या दिनदर्शिकेशी ताडून घेतल्या, खरे तर त्याची गरज नसताना. सत्तावीस सोमवार होते. उरलेले चार मंगळवार, आणि त्या चारही मंगळवारांच्या आदल्या दिवशी सुट्टी होती. एकावेळी एक लिहिताना यात काहीच नव्हते. समोर एक माणूस बसलेला असे, डोळे तांबारलेले, ओठ सुकलेले, कपाळावर घाम; त्याला कामावर जाणे शक्य नाही हे दिसत असे; आणि जे दिसते आहे ते कागदावर लिहिणे ही साधी माणुसकी होती. पण एकतीस माणुसक्या शेजारीशेजारी मांडल्यावर त्यांचे काहीतरी निराळेच झाले होते. एखाद्या अनोळखी माणसाने या खोलीत येऊन हा पलंग पाहिला असता, तर त्याला दोन मिनिटांत जे कळले असते ते आपल्याला अकरा वर्षे कळले नाही, असे त्याला वाटले. आणि लगेच हेही जाणवले की हे खरे नाही, आपल्याला ते कळलेले होते.

कळलेले होते. लवंगेचा वास येत असे, आणि तिच्याखाली दबलेला दुसरा एक. पत्नी जिवंत असताना एकदा दुपारच्या जेवणाचा डबा घेऊन दवाखान्यात आली होती आणि जिन्यात काटेवाल्यांना ओलांडून वर आली होती. डबा उघडता उघडता म्हणाली, "इतकी लवंग कोण खातं हो?" तो म्हणाला होता, "दात दुखत असेल." तिने त्याच्याकडे पाहिले होते. ती भूमितीची शिक्षिका होती आणि पुराव्याशिवाय पुढची पायरी घेत नसे. पण पुरावा समोर असताना कुणी ती पायरी टाळली तर तिला फार राग येई. "तुम्ही डॉक्टर आहात की यजमान?" तिने विचारले होते. "पाहुण्याला वाईट वाटेल म्हणून काही विचारायचं नाही, असं का वागता पेशंटशी?" तो हसला होता. चार वर्षांपूर्वी ती गेली, आणि त्यानंतर त्याला असे प्रश्न विचारणारे घरात कुणी उरले नाही. मुलगी दूरच्या शहरात होती. ती रविवारी फोन करी आणि तो काय जेवला ते विचारी. तो जे सांगे त्यातले निम्मे खोटे असे.

त्या चार वर्षांतच काटेवाले सकाळच्या पेशंटांत सर्वांत शेवटी यायला लागले होते. आधी ते रांगेतल्या क्रमाने येत. मग एकदा, पत्नी गेल्यानंतरच्या पहिल्याच महिन्यात, ते बाहेरच्या बाकावर सगळ्यांना पुढे सोडत बसून राहिले, आणि आत आल्यावर प्रकृतीचे काही न सांगता वजनयंत्रावर उभे राहिले. "डॉक्टर, तुमचा हा काटा सव्वा किलो जास्त दाखवतो. अर्धं शहर उगाच उपाशी राहत असेल!" महिन्याभरात तो पहिल्यांदा हसला होता. त्यानंतर ते आले की बोलत बसत. ताजव्याच्या पारड्याखाली लोहचुंबक चिकटवणारा दुकानदार, वजने आतून पोखरून त्यांत हलकी लाख भरणारा सोनार, तपासणीला गेल्यावर "साहेब, काट्यावर नका जाऊ, माझ्या तोंडाकडे बघा, मी खोटं बोलेन का?" असे म्हणणारी म्हातारी भाजीवाली. "मी तोंडाकडे बघितलं," काटेवाले म्हणत, "आणि मग काट्याकडे बघितलं. किलोमागं साठ ग्रॅम, डॉक्टर. तोंड मात्र अगदी देवाचं." ते सांगत आणि तो ऐके. सिस्टर दोन चहा आणून ठेवी. शेवटी, जणू विषयाला सोडून, ते म्हणत, "बाकी पोटाचं तेच. रात्रीपासून जळजळ." आणि तो कागद पुढे ओढी. महिन्यातून एकदा, कधी एखादा महिना चुकवून. पण वाट तो दर सोमवारी पाहत असे. शेवटचा पेशंट आत आल्यावर त्याचे लक्ष दाराबाहेर जाई, बाकावर अजून कुणाचे गुडघे दिसतात का हे बघायला. एखाद्या सोमवारी बाक रिकामा असला तर तो थोडा खट्टू होई. आणि आता, पलंगापाशी उभा असताना, त्याच्या प्रथमच लक्षात आले की ज्या सोमवारी तो खट्टू झाला ते त्या माणसाचे बरे सोमवार होते. एका माणसाच्या आजारी पडण्याची आपण वाट पाहत होतो. या वाक्यातून कुठल्याही बाजूने सुटका होईना.

खाली रस्त्यावर एक मालमोटार उलटी येत होती आणि तिचा टींटीं आवाज बराच वेळ खोलीत भरून राहिला. त्याला दादा आठवला, त्याचा थोरला भाऊ. दादा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होता. जुन्या फोनची तबकडी कुणी फिरवू लागले की नुसत्या तिच्या परतीच्या आवाजावरून तो नंबर सांगत असे, डोळे मिटून, आणि पाहुणे थक्क होत. संध्याकाळी तो उशिरा येई, आणि काही सकाळी उठत नसे. त्या सकाळी घरात पडदे ओढलेले असत, आई भांडी वाजू न देता घासत असे आणि दाराशी कुणी आले तर हलक्या आवाजात सांगे, "पित्त झालंय त्याला." शेजाऱ्यांना पित्त, एक्स्चेंजच्या साहेबांना पित्त, मुलगी दाखवायला आलेल्यांना पित्त. तो तेव्हा वैद्यकीय महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षात होता. यकृताचे खंड, त्याच्या रक्तवाहिन्या, त्याचे पुरुषाच्या देहातले सरासरी वजन हे सारे त्याला पाठ होते. एकदा खिडकीच्या उजेडात दादा दाढी करत असताना त्याने ते पाहिले, आणि स्वयंपाकघरात जाऊन म्हणाला, "आई, दादाचे डोळे पिवळे दिसतायत." आई पोळपाटावरून मान वर न करता म्हणाली, "पित्तच ते. पिवळंच असणार." आणि त्याने, ज्याला यकृत पाठ होते त्याने, ते मान्य केले. विचार करून मान्य केले असेही नव्हे. खोलीतून बाहेर पडताना माणूस दिवा मालवतो तसे केले.

त्यांचे एक डॉक्टर होते. पांढरा सदरा, बारीक चष्मा, अतिशय मृदू बोलणे. ते येत, दादाची नाडी बघत, पोट चाचपत आणि एक गुलाबी औषध लिहून देत. त्यांनी कधीही काही विचारले नाही. ते गेल्यावर आई भरल्या डोळ्यांनी म्हणे, "फार सभ्य माणूस. एका शब्दानं विचारत नाहीत." घरात कुणाविषयी इतक्या आदराने बोललेले त्याने ऐकले नव्हते. चांगला डॉक्टर म्हणजे काय, हे तो पुस्तकांतून आणि वॉर्डांतून शिकण्याच्या फार आधी त्या स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून शिकला होता. चांगला डॉक्टर विचारत नाही. दादा छत्तिसाव्या वर्षी रक्त ओकून गेला, आणि त्या डॉक्टरांनी आईचे दोन्ही हात हातात घेतले, तेव्हाही ते सभ्यच होते.

तीन वर्षांपूर्वी कुटुंबवैद्यांसाठी एक दिवसाचे शिबिर झाले होते. विषय होता मद्यपानाने होणारी हानी आणि तिच्यात कुटुंबवैद्याने करायचे काम. शिकवणारी डॉक्टर मुलगी त्याच्या मुलीच्या वयाची होती. तिने सांगितले की रक्तदाब मोजता तसे हेही प्रत्येकाला विचारा, ठरावीक प्रश्न विचारा, आणि उत्तर काही आले तरी कपाळाला आठी पडू देऊ नका. रुग्णालयातले तज्ज्ञ भेटतात ते शेवटच्या पायरीवर; तुम्हाला माणूस पहिल्या पायरीवर भेटतो, आणि तुमची पाच मिनिटे तिथे जे करतात ते आमच्या पाच आठवड्यांनी होत नाही. मागच्या रांगेतून एक जण म्हणाला, "बाई, आम्ही विचारलं तर पेशंट उलटा विचारील, डॉक्टर, तुमचा ब्रँड कुठला?" सगळे हसले. तीही हसली आणि म्हणाली, "सांगा की मग. आणि त्याला पुन्हा विचारा." मग जरा थांबून म्हणाली, "पेशंटला लाज वाटेल म्हणून आपण विचारत नाही, असं आपण म्हणतो. लाज आपल्याला वाटत असते, सर." दहा प्रश्नांच्या छापील तक्त्याचे पन्नास पानी पॅड प्रत्येकाला मिळाले होते. ते त्याने खणात ठेवले आणि पाठकोऱ्या बाजूचा त्याला फार उपयोग झाला: किराण्याच्या याद्या, प्लंबरचा नंबर, मुलीला फोनवर काय सांगायचे ते मुद्दे. आता खण उघडला तेव्हा आठ पाने उरली होती.

चार वाजता त्याने केसपेपरवरचा घरचा नंबर लावला. फोन एका बाईंनी उचलला. त्याने आपण कोण ते सांगितले.

"कोण डॉक्टर?" आणि मग, "हां. सर्टिफिकेटवाले. काही चुकलं का त्यात? तारीख वगैरे?"

"नाही, चुकलं काही नाही. ते आहेत का घरी?"

"झोपलेत." पलीकडे दार ओढून घेतल्याचा आवाज आला. "तुम्ही आमचे फॅमिली डॉक्टर ना? फॉर्मवर तेच लिहितो आम्ही. म्हणजे ते लिहितात. मी तुम्हाला कधी पाहिलेलं नाही. अकरा वर्षांत एकदा मी म्हणाले, मी येते बरोबर. तर म्हणाले, पित्ताला काय बायको लागते बरोबर?" तिचा आवाज कोरडा झाला. "मी काही बोलले की ते तुमचा कागद दाखवतात, डॉक्टर. बघ, काय लिहिलंय? डॉक्टरला जास्त कळतं की तुला? आता मी काय बोलू त्यावर?"

संध्याकाळी साडेसहाला त्यांना पाठवा, एवढेच तो म्हणाला. आणि फोन ठेवताना, का ते न कळून, "माफ करा" असेही. पण तोपर्यंत तिने फोन ठेवला होता.

उरलेला वेळ त्याने प्रश्न पाठ करण्यात घालवला. चाळीस वर्षांच्या व्यवसायानंतर एक वाक्य तोंडात बसत नव्हते. तुम्ही मद्य घेता का? हे एखाद्या सरकारी फलकासारखे होते. कधी घेता-बिता का? यात बोलणारा आधीच माफी मागत होता. त्याने आरशात पाहून म्हटले, "किती पिता?" आणि स्वतःचाच चेहरा त्याला आरोपीसारखा दिसला. आपण एकदा विचारले की हा माणूस पुन्हा यायचा नाही, हे त्याला स्पष्ट दिसत होते, आणि त्यामागे ते सारे सोमवारही दिसत होते, पुसून ठेवलेल्या बशीसारखे स्वच्छ आणि मोकळे. सकाळचे पेशंट, मग जेवण, मग संध्याकाळचे पेशंट, मग घराचे कुलूप. आणि न विचारले तर? तर तो माणूस आणखी वर्षभर येईल, कदाचित दोन वर्षे. मग कुणीतरी त्याच्या बायकोचे हात हातात घेईल.

काटेवाले साडेसहाला अगदी वेळेवर आले. अंघोळ केलेली, भांग पाडलेला, सकाळपेक्षा पुष्कळ टवटवीत. पलंगावरच्या छायाप्रती त्यांनी दारातूनच ओळखल्या. "आमच्या हापिसातनं का? तो नवा साहेब फार कडक आहे. काटा समजतो स्वतःला." ते खुर्चीवर टेकले. "तुम्ही आपलं दोन ओळी खरडून द्या, डॉक्टर. सह्या माझ्याच, पेशंट माझाच. संपलं."

"काटेवाले," तो म्हणाला, "तुम्ही दारू किती पिता?"

वाक्य सरळ आले होते. काटेवाले हसले. "कोण नाही घेत? रविवारी जरा मित्रमंडळी…"

"किती?"

"मापात असते हो माझी."

"माप सांगा."

बाहेर सिस्टर कुणाला तरी नंबर देत होती. मग काटेवाले ताठ बसले, आणि आवाज कचेरीत अहवाल वाचावा तसा झाला. "रोज तीनशे साठ मिलीलीटर. रविवारी साडेसातशे. बाद झालेलं एक पितळी माप आहे घरी, त्यानं मोजून घेतो. बाटलीवरच्या आकड्यावर माझा विश्वास नाही." शेवटच्या वाक्यात अभिमान होता, आणि तो त्यांनाही ऐकू आला असावा, कारण त्यांनी एकदम नजर वळवली.

त्याने त्यांना पलंगावर झोपवले. छायाप्रती गोळा करून खुर्चीवर ठेवल्या. अकरा वर्षांत हे पोट त्याने कितीदा तरी तपासले होते. पण आज बोटे वरून खाली न नेता तो खालून वर नेत गेला, जसे शिकवलेले होते तसे. बरगडीच्या तीन बोटे खाली त्याला यकृताची कड लागली. कठीण, किंचित खडबडीत. हे एका वर्षातले नव्हते. हात तिथेच असताना काटेवाले छताकडे पाहत म्हणाले, "डॉक्टर, मला एक सांगा. तुम्हाला माहीत नव्हतं ना?"

आवाजात विनवणी होती. नाही म्हणायला हवे होते, असे त्या आवाजाचे म्हणणे होते. नाही म्हटले असते तर दोघेही पूर्वीच्याच जागी परत जाऊ शकले असते, एक फसवणारा आणि एक फसलेला, आणि त्यात मैत्रीला जागा होती.

"माहीत होतं," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हापासून."

हाताखालचे पोट श्वासाने वर आले आणि तसेच राहिले. "मला वाटायचं, अजून वेळ आहे," काटेवाले हळूच म्हणाले. "हा माणूस दर महिन्याला पोटाला हात लावतो. काही असतं तर बोलला असता. तुमच्या गप्प राहण्याच्या भरवशावर पीत होतो मी, डॉक्टर." ते उठून बसले, शर्टाची बटणे लावू लागले. "का बोलला नाहीत?"

त्याला दादाविषयी सांगता आले असते. आईविषयी, त्या सभ्य डॉक्टरांविषयी. ते सगळे खरे होते आणि त्यातले काहीही या माणसाचे नव्हते. "तुम्ही आलात की मला बरं वाटायचं," तो म्हणाला. "विचारलं असतं तर तुम्ही आला नसता."

"वा!" काटेवाले म्हणाले. "म्हणजे आम्ही आजारी पडायचं आणि तुम्हाला बरं वाटायचं. झकास आहे."

तो कामाचे बोलला. रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या, उद्या सकाळी उपाशीपोटी. आज रात्री एकदम बंद करू नका. इतक्या वर्षांची सवय एकदम तोडली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो. उद्यापासून गोळ्या देतो, त्यांच्या आधाराने सोडवू. रोज यावे लागेल. गरज पडली तर रुग्णालयात दाखल करू, तिथेही मी येईन. कचेरीला मी लिहीन की सह्या माझ्या आहेत. उपचाराखाली आहेत का, हे त्यांनी विचारलंय, आणि त्याचं खरं उत्तर उद्या तुम्ही आलात तरच देता येईल. यापुढे आम्लपित्त मी लिहिणार नाही. काटेवाले उभ्यानेच ऐकत होते. चिठ्ठी त्यांनी घेतली, पण वाचली नाही. दारापाशी ते वळले, काहीतरी बोचरे बोलण्यासाठी त्यांचा चेहरा तयार झालेला त्याला दिसला. मग ते तसेच गेले.

रात्री त्याला झोप चांगली लागली, आणि सकाळी उठल्यावर याची त्याला शरम वाटली. दवाखाना त्याने अर्धा तास आधी उघडला. सिस्टर नेहमीच्या वेळी आली तेव्हा तो नुसता बसून होता. पहिल्या आजोबांचा रक्तदाब मोजून झाल्यावर त्याने विचारले, "दारू घेता का?" आजोबा दचकले, मग खूश झाले. "या वयात कुणी विचारलं, हेच पुष्कळ!" दुसऱ्या एका बाईंना विचारले तेव्हा त्या "अय्या, डॉक्टर!" म्हणाल्या आणि बाहेर जाऊन सिस्टरजवळ काहीतरी कुजबुजल्या. तिसरा एक तरुण शिक्षक होता, घसा बसलेला. त्याने लगेच उत्तर दिले नाही. खिडकीकडे पाहून म्हणाला, "हल्ली जरा वाढलीय." तो दहा मिनिटे अधिक बसला. दहा वाजले, साडेदहा वाजले. दर वेळी दार उघडले की त्याची नजर बाहेरच्या बाकावर जाई. तिथे ओळखीचे गुडघे नव्हते. तपासणीची प्रयोगशाळा आठलाच उघडते. एव्हाना यायला हवे होते. त्याच्या मनात एक पडदे ओढलेली खोली आली आणि त्याने ती बाजूला सारली.

पावणेअकराला सिस्टरने सातवा नंबर पुकारला आणि काटेवाले आत आले. ते बाकावर नव्हते, जिन्यात उभे होते, आणि नंबर घेऊन क्रमाने आले होते. कोपराच्या आतल्या बाजूला कापसाचा बोळा चिकटवलेला. त्यांच्यामागे एक बाई होत्या, उंच, केस पिकलेल्या, हातात प्लास्टिकची पिशवी. त्याने त्यांना बसायला सांगितले. काटेवाले त्याच्याकडे पाहत नव्हते. बोलत होत्या त्या बाईच: रात्री किती घेतली, पहाटे हात किती थरथरत होते, मागच्या वर्षी दोनदा घेरी येऊन पडले होते ते, भूक, झोप, शौचाचा रंग. तिने हे सगळे कधीतरी कुणीतरी विचारील म्हणून साठवून ठेवले असावे इतके ते नीट होते. तो लिहीत गेला. केसपेपरची मागची बाजू भरली, नवा कागद घ्यावा लागला. त्याने गोळ्या दिल्या, जीवनसत्त्वाचे इंजेक्शन दिले, नाडी मोजली. "त्रास होतोय का?" त्याने विचारले. "नाही, साहेब," काटेवाले म्हणाले. अकरा वर्षांत ते त्याला कधी साहेब म्हणाले नव्हते. त्यांनी बाही खाली ओढली, बटण लावले आणि सगळ्या पेशंटांसारखे खाली मान घालून बाहेर निघून गेले. बाहेर ते सिस्टरशी दोन शब्द बोलले, तीही त्यावर हसली नाही.

बाई दारातच थांबल्या होत्या. "रोज यायचं म्हणालात. किती दिवस?"

त्याच्या तोंडाशी एक आकडा आला होता, धीर देणारा, सभ्य आकडा. तो त्याने गिळला. "सांगता येत नाही," तो म्हणाला. "लिव्हर किती खराब झालंय, ते रिपोर्ट आल्यावर कळेल. ते सोडतील, पुन्हा धरतील. कदाचित माझ्यावर चिडून यायचेच बंद होतील. मला खरंच सांगता येत नाही."

तिने मान हलवली. पिशवी या हातातून त्या हातात घेतली. तिच्या चेहऱ्यावरचे काहीतरी पुष्कळ दिवसांनी सैल होत होते, पण ते हसू नव्हते.

"बरं," ती म्हणाली. "मग उद्या मी आणते त्यांना."